ग्रिलला लावायच्या घडीच्या स्टँडची एमआरपी किती ठेवू? हिशोब जुळत नाहीये

वसईचा_गाळेवाला:

नमस्कार मंडळी. मी आणि माझा चुलतभाऊ, आमचा वसई पूर्वेला वालीवमध्ये भाड्याचा गाळा आहे. आजवर दुसऱ्यांची जॉबवर्कची कामं केली, पाइप कटिंग, बेंडिंग, थोडं फॅब्रिकेशन. आता पहिल्यांदाच स्वतःची वस्तू काढतोय. खिडकीच्या ग्रिलला क्लॅम्पने अडकवायचा, कपडे वाळत घालायचा स्टँड. उघडला की सात दांड्या, मिटला की ग्रिलला चिकटून बसतो. ड्रिल नको, भोक नको, सुतार नको. पावसाळ्यात वन बीएचकेमध्ये ओल्या जीन्स कुठे टाकायच्या हा प्रश्न आमच्या दोघांच्याही घरी आहे, त्यातूनच निघाला.

वस्तू जमली. भाव जमत नाहीये.

एका नगाला साहित्य आणि बाहेरची मजुरी धरून ३८६ रुपये पडतात, जीएसटी सोडून. (ऑनलाइन विकायचं म्हणून जीएसटी नंबर काढलाय, त्यामुळे इनपुट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता होतो.) एसएस (स्टेनलेस स्टील) पाइप १४८, क्लॅम्प आणि त्याचं रबर ५८, नायलॉनचे जोड आणि टोप्या ४६, रिव्हेट-स्क्रू २२, वेल्डिंग-पॉलिश ७४, खोका-लेबल ३८. गाळ्याचं भाडं, दोन कायमची माणसं, वीज, सीए, किरकोळ असा महिन्याचा बांधलेला खर्च ७६,०००. जोर लावला तर महिन्याला ४०० नग निघतात. शिवाय नायलॉनच्या जोडांसाठी दोन डाय (साचे) करून घेतल्या, त्यात २ लाख ४० हजार गेले.

चुलतभावाचा हिशोब असा: ७६,००० भागिले ४०० म्हणजे १९०. त्यात ३८६ मिळवले की ५७६. त्यावर २५ टक्के नफा. ७२० एमआरपी छापा आणि विका. “आपण काय लोकांना लुटायला बसलोय का?” हे त्याचं पालुपद. बायको म्हणते, बाराशेच्या खाली विकलात तर लोक समजतील की पाइप पहिल्याच पावसात गंजणार. कांदिवलीच्या एका दुकानदाराने वस्तू उलटीपालटी करून बघितली, क्लॅम्प दोनदा आवळला, आणि एवढंच विचारलं, “मला किती सुटणार?” मला उत्तर देता आलं नाही.

मोठ्या कंपन्या नवीन वस्तू काढतात तेव्हा भाव नक्की कुठून आणतात? प्रत्यक्षात काय करतात ते कुणी आतल्या माणसाने सांगितलं तर बरं होईल. आणि डायचे पैसे किती नगांत वसूल धरायचे? भाऊ म्हणतो पहिल्या हजारात.

गिरगाव_९९९:

९९९ छापा आणि मोकळे व्हा. बाटाच्या दुकानात नव्याण्णवच्या शेपटीचे भाव बघतच आपण मोठे झालो. हजार म्हटलं की माणूस एक पाऊल मागे जातो, ९९९ ला खिशात हात घालतो.

मुलुंडचा_कॉस्टिंगवाला:

गिरगावकरांनी शेपटी सांगितली, जनावर कोणतं ते राहिलं.

मी एलबीएस रोडवरच्या एका ग्राहकोपयोगी मालाच्या कंपनीत कॉस्टिंगला होतो, आता निवृत्त. कंपनीचं नाव विचारू नका, दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा अजून येतो, तो बंद व्हायला नको.

गाळेवाले, तुमच्या भावाचा हिशोब वहीत बरोबर आहे, बाजारात उलटा पडतो. ७२० एमआरपी म्हणजे तुमचे ७२० नव्हेत. एमआरपीत सगळे कर आलेले असतात, कायदाच तसा आहे. १८ टक्के जीएसटी धरू. ७२० भागिले १.१८, राहिले ६१०. त्यातून दुकानदाराचे २५ टक्के गेले, राहिले ४५८. डिस्ट्रिब्युटरने आपल्या खरेदीवर १० टक्के ठेवले, तुमच्या हातात आले ४१६. वाकलेली दांडी, परत आलेला नग, दुकानात लावायला दिलेलं सॅम्पल यांत ३ टक्के जातात असं धरा. उरले ४०३ रुपये ५० पैसे. नग ३८६ चा. म्हणजे एका स्टँडमागे साडेसतरा रुपये. त्यातून महिन्याचे ७६,००० काढायचे तर महिन्याला चार हजार तीनशेच्या वर स्टँड विकायला लागतील. गाळा काढतो ४००.

त्या १९० मध्ये आणखी एक गोम आहे. तो आकडा ४०० नग विकले जातील असं धरून आला. २०० च विकले गेले तर तोच खर्च नगावर ३८० होतो. मग काय, नग महाग पडला म्हणून भाव वाढवणार? भाव वाढवल्यावर खप आणखी उतरणार, नग आणखी महाग पडणार. खपावर भाव अवलंबून आणि भावावर खप. नफ्याची टक्केवारी चढवून भाव काढणारे इथेच गोल गोल फिरतात.

आमच्याकडे भाव खालून वर चढत नसे, वरून खाली उतरत असे. वरच्या मजल्यावर मार्केटिंगवाले ठरवायचे की गिऱ्हाईक आज ही गरज कशी भागवतं, त्याला ते कितीला पडतं, आणि आपल्या वस्तूत त्याहून काय जास्त आहे. त्यावरून दुकानातला भाव. त्यातून कर, दुकानदार, स्टॉकिस्ट, जाहिरात आणि कंपनीला हवा तो नफा वजा व्हायचा आणि जो आकडा उरेल तो आमच्या मजल्यावर यायचा: एवढ्यात बसवा. मग आम्ही खरेदी, पॅकिंग आणि प्लांटच्या लोकांना घेऊन बसायचो. बाटलीच्या टोपीतलं प्लास्टिक कमी करता येईल का, खोक्याचा प्लाय (पुठ्ठ्याचे थर) कमी केला तर गोदामात थप्पी टिकेल का, आतलं पत्रक हवंच का. बसलं तर वस्तू निघायची. नाही बसलं तर फाइल बंद. अशा बंद फायलींचं एक कपाटच होतं, त्यातल्या काही वस्तू मला अजून आवडतात.

टोयोटाने ही रीत फार पक्की केली. आपल्याकडचं ठळक उदाहरण टाटांच्या नॅनो गाडीचं. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये गाडी दाखवली, पण १ लाखाचा आकडा त्याच्या कितीतरी आधी ठरलेला होता. गाडी त्या आकड्यात बसवली. एकच वायपर, चाकाला तीनच नट, असं प्रत्येक ठिकाणी. इंजिनिअरिंग म्हणून मला आजही त्या गाडीपुढे टोपी काढावीशी वाटते. पण “सर्वांत स्वस्त गाडी” हीच तिची ओळख झाली आणि आपल्याकडे गाडी घेणारा माणूस स्वस्त म्हणवून घ्यायला गाडी घेत नाही. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. तेव्हा तुमच्या मिसेस गंजाबद्दल बोलतात ते हसण्यावारी नेऊ नका. नवीन वस्तूबद्दल गिऱ्हाइकाला काहीच माहीत नसतं, तो भावावरूनच दर्जा ओळखतो.

आता डाय. ते २ लाख ४० हजार गेले. भाव ठरवायच्या कागदावर ते आणूच नका. तुम्ही ७२० छापा नाहीतर १,५०० छापा, ते पैसे परत यायचे तर नगामागे उरणाऱ्या पैशांतूनच येणार, आणि पहिल्या हजारात वसूल करायचे म्हणून नगावर २४० चढवलेत तर पहिला हजारच विकला जाणार नाही. हा हिशोब डायची ऑर्डर देण्याआधी करायचा असतो, तेव्हा तो फार महत्त्वाचा. आता तुमचा सीए घसारा लावेल तेवढं पुरे.

९९९ चंही सांगतो, कारण ते सगळ्यांनाच सुचतं. कर वजा जाता ८४७. दुकानदाराचे गेले, ६३५. डिस्ट्रिब्युटरचे गेले, ५७७. तीन टक्के तूट काढली, ५६०. नगामागे राहिले १७४. ७६,००० भागिले १७४, म्हणजे महिन्याला ४३७ नग. गाळ्याची ताकद ४००. म्हणजे सगळा माल विकला गेला तरी तोटा. १,१९९ ला हाच हिशोब केला तर नगामागे २८६ सुटतात आणि २६६ नगांत खर्च निघतो. भाव वाढला २०० रुपये, हातात वाढले ११२, पण गरजेचा खप ४३७ वरून २६६ वर आला. हे दोन आकडे भावाला दाखवा. लुटालुटीचा विषय आपोआप मिटेल.

ठाण्याची_ब्रँडवाली:

काका, सगळं मान्य, पण तुमच्या रीतीने गेलं तर नवीन ब्रँड बाजारात शिरणार कसा? लोकांना सवय लागेपर्यंत स्वस्त द्यायचं असतं. जिओने ५ सप्टेंबर २०१६ ला सुरुवात केली आणि मार्च २०१७ संपेपर्यंत लोकांना डेटा फुकट दिला. बाकीच्या कंपन्यांना दर पाडावे लागले, काहींनी दुकानच बंद केलं. निरमाचं तर तुमच्याच पिढीने बघितलंय. सर्फच्या जवळपास चौथ्या हिश्श्यात पावडर विकली आणि बघता बघता घराघरांत पोचली. गाळेवाले दादा, पहिला सीझन ६९९ ला द्या, रिव्ह्यू गोळा करा, पुढच्या वर्षी वाढवा. चिनी माल यायच्या आत नाव व्हायला हवं.

मुलुंडचा_कॉस्टिंगवाला:

ताई, उदाहरणं खरी आहेत, पण ती कुणाला लागू पडतात ते बघा.

टॉवर उभे करून झाले, केबल टाकून झाली, स्पेक्ट्रमचे पैसे भरून झाले, की आणखी एक सिम चालू करायला कंपनीला जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून फुकट देता येतं, आणि ते सोसायला मागे तेवढी मोठी तिजोरी होती. आपल्या मित्राचा प्रत्येक नग ३८६ रुपयांचा पाइप आणि नायलॉन खातो. ६९९ ला डिस्ट्रिब्युटरमार्फत विकला तर हातात येतात ३९२. सहा रुपयांसाठी दोन माणसं आणि एक गाळा राबवायचा.

निरमाचं वेगळं आहे. करसनभाई पटेल अहमदाबादला घरच्या अंगणात पावडर बनवून सायकलवरून विकत होते. त्यांना ती मुळातच स्वस्त पडत होती, म्हणून स्वस्त देत होते. खिशातले पैसे घालून स्वस्त देणं आणि खर्चच कमी असल्यामुळे स्वस्त देणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. चिनी मालाशी स्वस्ताईत भिडायला गेलात तर तो तुमच्यापेक्षा कमी खर्चात बनवतो, तुम्हीच सर्फ झालात.

पण त्या गोष्टीत मला जास्त आवडतो तो पलीकडच्या बाजूचा डाव. सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्तान लिव्हरने सर्फचा भाव निरमापर्यंत खाली आणला नाही. टीव्हीवर सर्फच्या जाहिरातीत ललिताजी आली, भाजीच्या घासाघिशीपासून सुरू करून स्वस्त आणि चांगलं यांतला फरक समजावत राहिली. आणि स्वस्तातलं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी व्हील नावाची वेगळी पावडर काढली. सर्फचा मान सर्फला, लढाई व्हीलने लढली. गाळेवाल्यांना उद्या स्वस्त माल काढावाच लागला तर पाच दांड्यांचा, वेगळ्या नावाने काढावा. याच स्टँडवर काट मारून भाव खाली आणू नये.

आणि “पुढच्या वर्षी वाढवा” हे बोलायला सोपं. ६९९ ला घेतलेल्या बाईने शेजारणीला सांगितलेलं असतं, दुकानदाराच्या डोक्यात बसलेलं असतं, ऑनलाइन जुना भाव दिसत असतो. खाली यायला कुणाची हरकत नसते, वर जायला सगळ्यांची असते. अर्थात खाली येतानाही सांभाळून. अॅपलने २००७ मध्ये पहिला आयफोन ५९९ डॉलरला आणला आणि जेमतेम सव्वादोन महिन्यांत तोच ३९९ केला. ज्यांनी रांगा लावून घेतला होता ते इतके भडकले की कंपनीला त्यांना १०० डॉलरचं क्रेडिट द्यावं लागलं. उतरायचं ते हळू, आणि सणावाराच्या निमित्ताने.

दादरचा_भांडीवाला:

गाळेवाले भाऊ, मी दुकानाच्या गल्ल्यावरून बोलतो. आमचं भांड्यांचं आणि घरगुती सामानाचं दुकान आहे, वडिलांपासून.

पहिलं, “२५ टक्के” म्हणजे कशावर ते आधी विचारा. मी २५ म्हणतो ते विक्रीवर, काही दुकानदार लँडिंगवर, म्हणजे खरेदीच्या भावावर म्हणतात. तुमच्या ९९९ च्याच स्टँडला कर सोडून ८४७ राहतात. विक्रीवर २५ म्हणजे मला ६३५ ला हवा. लँडिंगवर २५ म्हणजे ६७७ ला चालतो. एका शब्दात नगामागे ४२ रुपये. कांदिवलीवाल्याने “किती सुटणार” विचारलं ते टक्क्यांत विचारलंच नाही, रुपयांत विचारलं, तो शहाणा माणूस आहे. दुकानाच्या एका खुंटीवर दोनच वस्तू लटकतात. त्या खुंटीवर जास्त रुपये कोण देतं एवढंच आम्ही बघतो.

दुसरं, नवीन नावाला २५ मध्ये मी तर नाही घेणार, ३० लागतील. चालू ब्रँड गिऱ्हाईक मागून घेतं, तुमचा मला बोलून विकावा लागेल. आणि पैसे बिल टू बिल. दुसरा माल आणाल तेव्हा पहिल्याचे.

तिसरं आणि खरं. मुलुंडचे काका महिन्याला २६६ नग म्हणतात, पण हा माल बारा महिने विकला जात नाही हो. मेच्या मध्यापासून लोक विचारायला लागतात, पहिला पाऊस पडला की चार-पाच दिवसांत ढीग संपतो, गणपतीनंतर कुणी ढुंकून बघत नाही. दिवाळीत तर मी ती खुंटी कंदिलाला देतो. तुमचं भाडं मात्र फेब्रुवारीतही चालूच.

भावाचं विचाराल तर माझ्याकडे जमिनीवर उभा राहणारा स्टँड १,४०० पासून आहे, पण तो हॉलमधली चालायची जागा खातो. छताला लावायचा पुलीचा १,८०० पासून, वर लावणाऱ्या माणसाचे ४०० वेगळे. भाड्याने राहणारं गिऱ्हाईक पुलीचा हातात घेतं आणि ठेवून देतं, कारण ११ महिन्यांच्या करारात घरमालक भोक पाडू देत नाही. तुमच्या वस्तूची खरी किंमत तिथे आहे. १,२९९ ला मी डोळे मिटून विकीन. १,४९९ म्हणालात तर लोक उभ्या स्टँडकडे वळतील.

वजनमापे:

दोन गोष्टी छापण्याआधी. एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ चे टप्पे जवळपास निघाले, बरेच घरगुती सामान खालच्या दरात गेलं. तुमच्या वस्तूला कोणता एचएसएन कोड (जीएसटीतला मालाच्या वर्गाचा क्रमांक) बसतो ते सीएकडून लेखी घ्या. १८ धरून छापलं आणि दर वेगळा निघाला तर वरचा सगळा हिशोब हलेल. दोन, पॅकबंद मालावर एमआरपी सर्व करांसहित, उत्पादकाचं नाव-पत्ता, नगांची संख्या, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क हवाच. छापलेल्या भावाखाली कितीलाही विका, वर एक रुपयाही घेता येत नाही.

मुलुंडचा_कॉस्टिंगवाला:

भांडीवाल्यांनी माझ्या आकड्यांतलं बाराव्या हिश्श्याचं गणितच मोडलं, आणि ते योग्यच केलं. वर्षाचा हिशोब धरू. ७६,००० गुणिले १२, म्हणजे ९ लाख १२ हजार. १,१९९ एमआरपी असेल तर ३,१८९ नग, १,२९९ असेल तर नगामागे ३४२ सुटून २,६६७ नग. फक्त १०० रुपयांनी पाचशेच्या वर नगांचा भार उतरला. उलटं सांगतो: १,१९९ ऐवजी १,२९९ केलात आणि सहातलं एक गिऱ्हाईक परत गेलं तरी तुम्ही होतात तिथेच.

दुकानदाराला ३० टक्के द्यायला तुम्हाला जड वाटत असेल तर हेही करून बघा. डिस्ट्रिब्युटर मधून काढा, स्वतः टेम्पोने माल पोचवा. १,२९९ मध्ये कर सोडून ११०१, दुकानदाराचे ३० टक्के जाता ७७१, तूट काढून ७४८, टेम्पोचे नगाला २५ धरले तर ७२३, आणि नग वजा जाता ३३७. डिस्ट्रिब्युटर आणि २५ टक्के यांच्या वाटेने ३४२ होते. पाच रुपयांचा फरक. म्हणजे बोरिवलीपासून दादरपर्यंतची दुकानं तुम्ही स्वतः सांभाळा, पुणे-नाशिकला डिस्ट्रिब्युटर द्या.

पण सीझनच्या मालाला साठा लागतो. मेमध्ये हातात १,५०० नग हवेत तर ५ लाख ७९ हजार रुपये पाइपच्या रूपात गाळ्यात पडून राहणार, त्याचं व्याज चालू, आणि भांडीवाल्यांचं बिल टू बिल म्हणजे ते पैसे आणखी लांब. हा खर्च तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये कुठेच नाही. उरलेल्या महिन्यांत जॉबवर्क चालू ठेवा, निम्मं भाडं तरी त्यातून निघालं पाहिजे. नुसत्या स्टँडवर तो गाळा पोसला जाणार नाही.

भाव पक्का करण्याआधी लोकांना “किती देशील?” असं विचारू नका, तोंडाने सगळेच कमी सांगतात. एमआरपी १,२९९ छापा. कांदिवली-बोरिवलीच्या दोन सारख्याच सोसायट्यांत कमिटीला विचारून रविवारी टेबल लावा. एका ठिकाणी छापील भावाला, दुसऱ्या ठिकाणी ऑफर म्हणून १,०९९ ला. किती लोक थांबले आणि किती जणांनी पैसे काढले ते लिहून आणा. मोठ्या कंपन्या निवडक शहरांत माल आधी उतरवून हेच करतात, फक्त त्याला पैसे फार लागतात.

वसईचा_गाळेवाला:

काका, भांडीवाले भाऊ, खूप आभार. काल रात्री भावाला समोर बसवून साडेसतरा रुपयांचा आकडा दाखवला. तो बराच वेळ कॅल्क्युलेटर बडवत होता, मग म्हणाला, “डिस्ट्रिब्युटरला काढून टाक.” आता निदान भांडण योग्य विषयावर आहे.

एक नवीन भानगड सापडली. ऑनलाइनसाठी कुरिअरवाल्याकडे दर विचारायला गेलो तर तो वजनकाट्याकडे बघतच नाही. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००, आणि ते किलो. आमचा खोका ९५ बाय २० बाय १२. स्टँडचं वजन अडीच किलोच्या आत, बिल साडेचार किलोच्या वरचं. भाऊ म्हणतोय दांड्या मधे पिनने जोडल्या तर खोका ६२ चा होतो, म्हणजे बिल तीन किलोला येतं. पण पिनचे आणि जास्तीच्या मजुरीचे नगाला १९ रुपये वाढतात. करू का?

मुलुंडचा_कॉस्टिंगवाला:

डिस्ट्रिब्युटर, टेम्पो आणि कुरिअर, तीनही वाटांचा हिशोब वेगळा करा. कुरिअरच्या नगाला दीड किलोचे पैसे वाचत असतील तर १९ रुपये तिथे हसत घाला. पण दुकानात जाणाऱ्या नगाला पिनचा फायदा फक्त टेम्पोत जास्त खोके बसण्याचा. ऑनलाइनचा वाटा किती राहणार ते आधी ठरवा. तो चारात एक असेल तर चार नगांचे ७६ रुपये घालून एका नगाचं कुरिअर वाचतंय, तेवढं वाचतं का बघा. आणि जोड दिलेली दांडी ओल्या चादरीच्या वजनाने मधे वाकते का, ते कॅल्क्युलेटरवर कळत नाही. चादर टाकून बघा.

दादरचा_भांडीवाला:

पिनवाला असेल तर मला नको, गिऱ्हाईक दुकानात हलवून बघतं. अखंड दांडीचा द्या. मेच्या पहिल्या आठवड्यात बारा नग पाठवा, ३० टक्के, बिल टू बिल. आणि दुकानाच्या ग्रिलला लावायला एक डेमो पीस, तो बिलात नको.

वसईचा_गाळेवाला:

बारा नक्की पाठवतो. भाऊ शेजारीच बसलाय, विचारतोय की डेमो पीसचे ३८६ कशात धरायचे?

मुलुंडचा_कॉस्टिंगवाला:

जाहिरातीत. आणि भांडीवाल्यांकडे स्वतः जाऊन, स्वतःच्या हाताने क्लॅम्प आवळून या.